कारण नसलेला शनिवार

घर सोडून जर्मनीत शिकायला आलेल्यासाठी हे मनन आहे, आणि ते गाडीत बसून करायचं आहे. ड्रेस्डेनहून सुटणारी एस-१ लोकल पिर्ना मागे टाकते आणि एल्बे नदीचा काठ धरते. डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम. तिकिटाची काळजी नाही, ते सेमिस्टरच्या फीमध्येच भरलेलं आहे. पिशवीत पाण्याची बाटली, रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचे रोल, एक जाडसर जाकीट. फोन थोडा वेळ खिशातच राहू दे.

आता मनात आधी काय येतं ते बघ. माझा अंदाज, नदी येणार नाही. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज येईल, आणि त्यामागोमाग घरचं रान.

मार्च महिना धरू. इथे सकाळचे नऊ, तिकडे हिंगोलीकडच्या वसमतच्या शिवारात दुपारचा दीड. हळद शिजवायचा कुकर रानात उभा असेल, वाफेने कपडे अंगाला चिकटलेले असतील. शिजलेली हळद खळ्यावर पसरायची, वाळवायची, मग ढोलात फिरवून पॉलिश करायची आणि त्यानंतर ती मोंढ्यात न्यायची. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पोतं उचलणाऱ्याच्या पाठीला ते पूर्वीइतकंच जड लागतं. तिकडे माणसं उन्हात, आणि आपण डोंगर बघायला निघालेलो.

ही टोचणी हाकलू नकोस. तिच्याकडे नीट बघ, घाई नाही.

आधी हिशेब कर. गाडी फुकटात पडली, रोल घरचे, नदी ओलांडायला दोन-चार युरो. उद्या रविवार, म्हणजे इथली दुकानंही बंद. अभ्यासाला अख्खा दिवस मोकळा आहे. मग टोचतंय ते पैशाचं नाही. ते काय आहे?

मला वाटतं, आपल्याकडे उंबरा ओलांडायला कारण लागतं. श्रावणी सोमवारी औंढ्याला, एकादशीला नर्सीला, दवाखान्यासाठी नांदेडला, मावशीच्या घरचं कार्य म्हणून परभणीला. दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन बघायला जातो, तेही सण आहे म्हणून. नर्सीचे नामदेव पार पंजाबात घुमानपर्यंत पोचले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत. पण तेही भक्तीच्या कामाने निघालेले. ‘कुठं चाललास?’ या प्रश्नाला ‘कुठं नाही, नुसतं बघायला’ हे उत्तर आपल्या घरात कुणी दिलेलं नसतं. एक अपवाद आठवतो. पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले की गावंच्या गावं पूर्णेचं पाणी बघायला लोटतात. तेवढी एकच सहल बिनकामाची.

तुझ्या घरी बहुधा बाबासाहेबांचा दाखलाही दिला गेला असेल. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले. मुदत ठरलेली, पैसा मोजका, आणि त्यांचे दिवस ग्रंथालयात गेले. त्याची फळं आपण सगळेच खातो. या दाखल्याला उत्तर नाही आणि ते शोधूही नये. फक्त आठवडाभराचे पेपर, प्रयोगशाळा आणि कॅफेतलं अर्धवेळ काम उरकलेल्या शनिवारी तो स्वतःवरच छडीसारखा उगारू नये, एवढंच मी म्हणेन.

राथेन आलं. उतर.

समोर एल्बे, आणि पलीकडे जायला एक फेरीबोट. तिला इंजिन नाही. वरच्या अंगाला नदीत अडकवलेल्या लांब दोराला ती बांधलेली आहे. नावाडी तिला प्रवाहाशी जराशी तिरपी करतो, आणि वाहतं पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. परत यायचं झालं की तिरपेपणा उलटा. दोर ताणलेला दिसतो, बोटीच्या अंगाशी पाणी घासल्याचा आवाज येतो, आणि काठ हळूहळू सरकायला लागतो. हे चार क्षण काहीही करू नकोस. फोटो काढू नकोस, पुढची वाट शोधू नकोस. पाणी काम करतंय, ते करू दे.

मग चढ. पायऱ्या आणि जंगलवाट, वर बास्टाय. वालुकाश्माचे सुळके, त्यांच्यामधून १८५१ साली बांधलेला दगडी पूल, आणि एल्बे तब्बल १९४ मीटर खाली. दम लागेल, कारण पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात पायांनी ग्रंथालय आणि वसतिगृह यापलीकडे काही पाहिलेलं नसतं. धापेला लाजायचं नाही. थांबायचं, श्वास खाली बसू द्यायचा, मागून येणाऱ्या आजीबाईंना पुढे जाऊ द्यायचं. त्या दोन काठ्या टेकत तुझ्या आधी पोचतील.

पुलाच्या कडेला उभं राहून सुळक्यांवर दोर लावून चढणारे गडी दिसतात का बघ. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: दगड ओला असताना चढायचं नाही. वालुकाश्म पाणी पितो आणि कमकुवत होतो. भार पडला की दगडच फुटतो. म्हणून पाऊस थांबला, ऊन पडलं, सुट्टी आहे, दोर तयार आहे, तरी खडक वाळेपर्यंत वाट बघायची. आपल्या काळ्या पाषाणाला अशी सवड द्यावी लागत नाही. तुझ्या मनातला कुठला दगड अजून ओला आहे, याचा विचार हवा तर इथे कर. नको असेल तर नुसता रोल खा.

आता फोन काढ. घरी एक फोटो जाऊ दे. आई विचारेल, जेवण झालं का. बाबा बोटांनी फोटो मोठा करतील आणि कडेला कठडा आहे की नाही ते बघतील. कठडा दिसेल असाच फोटो काढ. मुख्य वाट सोडू नकोस, अंधाराच्या आत खाली ये, आणि लक्षात असू दे की अडचणीत लावायचा नंबर इथेही ११२ आणि हिंगोलीतही ११२.

उतरताना शेवटचा एक विचार घे, तो जरा लांबचा आहे. औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. केंद्र सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि दूरवर एकमेकांवर आदळलेल्या कृष्णविवरांमुळे अवकाशात उठलेली लाट मोजायचं काम. ते सुरू झालं की कुठूनकुठून तुझ्याच वयाची पोरं तिथे येतील. त्यांनाही हप्ते असतील, घरून फोन येतील, आणि शनिवार असेल. त्यांचा तिथे ना नवस, ना मावशी. ती औंढ्याच्या मंदिरातल्या गाभाऱ्यात वाकून उतरतील, पण रांगेच्या नादात आपण ज्या बाहेरच्या भिंतींकडे मान वळवत नाही, तिथल्या मूर्तींपुढे बहुतेक तासभर उभी राहतील. मग विचारतील, अजून काय आहे बघायला?

काय सांगशील? पहिल्यांदा जीभ अडखळेल. आपला मुलूख आपण कधी नुसता बघितलेला नाही. कयाधू नदीचा काठ मार्चमध्ये कसा दिसतो, हळदीच्या वाफेचा वास किती लांबवर येतो, कळमनुरीच्या वाटेवर उन्हं कलताना काय होतं, हे ठाऊक आहे; दाखवण्यासारखं आहे हे ठाऊक नाही.

परतीच्या गाड्या अर्ध्या-अर्ध्या तासाने आहेत. फलाटावर बस आणि ठरव, त्यांना आधी कुठे न्यायचं. माझं विचारशील तर सिद्धेश्वरला, आणि तेही दरवाजे बंद असताना.