तयारीतली हिंसा

जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुहामंदिरात ज्यांची मूर्ती आहे, त्या नेमिनाथांच्या वैराग्याची कथा जैन घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. राजुलशी विवाह ठरलेला, वरात निघालेली. वाटेत मेजवानीसाठी कोंडून ठेवलेल्या जनावरांचा आक्रोश कानी पडला आणि नवरदेव तिथूनच माघारी फिरून गिरनारकडे गेले. त्या घटकेला एकही जनावर मेलेलं नव्हतं. कुंपण तेवढं घातलेलं होतं. हिंसेचा प्रश्न इथे मृत्यूच्याही आधी, तयारीपाशीच उभा राहतो. म्हणूनच मासेमारीतल्या एका देखण्या कलेची पारख करायला मला नेमगिरीचा आधार घ्यावासा वाटतो. याच जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण आहे, खाली गंगाखेडला गोदावरी आहे. या पाण्यांवर जाळं आणि गांडूळ लावलेला गळ ओळखीचा. मी बोलतो आहे ती कला दूरची आहे, पण तिच्यातला प्रश्न अगदी इथला आहे.

ही कला म्हणजे गळासाठी पिसाची माशी बांधणं. जपानच्या डोंगरी ओढ्यांत टेंकारा पद्धतीने मासे धरतात : लांब काठी, तिच्या शेंड्याला दोरी, दोरीच्या टोकाला एकच माशी, चरखी नाही. ही माशी, म्हणजे केबारी, बहुधा कुठल्या एका किड्याची हुबेहूब नक्कल नसते. गळाच्या दांडीवर दोऱ्याचे वेढे द्यायचे, कधी नेच्याच्या कोवळ्या कोंबावरची लव लावायची आणि तोंडाशी पक्ष्याचं मऊ पीस दोन-तीन वेळा गुंडाळायचं. साकासा प्रकारात पिसाचे तंतू मागे न झुकता दोरीच्या दिशेने पुढे उघडतात. काठी किंचित हलवली की पाण्यात ते मिटतात, उघडतात, आणि निर्जीव पीस पाय झाडणाऱ्या किड्यासारखं दिसू लागतं. उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडात तितराच्या पिसाची ‘स्पायडर’ माशी याच जातकुळीची; स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्टने १८५७ सालच्या आपल्या पुस्तकात ‘स्पायडर’ माश्यांची बाजू हिरिरीने मांडली. पीस जोरात ओढलं तर देठ तुटतो, सैल राहिलं तर वेढे सुटतात. हाताला आणि नजरेला दुसरं काही सुचू नये इतकं लक्ष लागतं. म्हणून या कलेचे चाहते तिला ध्यान म्हणतात.

लक्ष लागतं हे खरंच. पण नुसतं लक्ष लागणं ही साधना ठरत नाही. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ध्यान चार प्रकारचं सांगितलं आहे : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. मोक्षाला उपयोगी पडतात ती शेवटची दोन. रौद्रध्यानातही चित्त एकाग्रच असतं, फक्त ते हिंसेत, असत्यात, चोरीत किंवा विषयभोग सांभाळण्यात रमलेलं असतं. एकाग्रता कशाकडे वळली आहे हे विचारल्याशिवाय तिचं मोल ठरवू नये, हा या विभागणीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. पिसाच्या माशीत तर पहिले दोन विषय एकाच दोऱ्याने बांधले जातात. तिचं सगळं कौशल्य भुकेल्या जिवाशी खोटं बोलण्यात आहे, आणि त्या खोट्याच्या आत काटा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, पुष्कळ हौशी लोक धरलेला मासा पुन्हा सोडून देतात. जीव गेलाच नाही तर हिंसा कुठली? मासा जगला याचा मला आनंदच आहे. पण दिगंबर परंपरेतला तंदुल मत्स्य आठवावा. महामत्स्याच्या कानात राहणारा, तांदळाएवढा तो जीव. अजस्र जबड्यातून निसटणारे मासे पाहून तो म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं. त्याने कुणालाच मारलेलं नाही, तरी तो सातव्या नरकात जातो. शिवाय सोडलेल्या माशाच्या ओठातून काटा आरपार गेलेला असतो. ती वेदना आपल्या करमणुकीपायी दिलेली असते. याच्या उलट बाजूला मृगसेन धीवराची कथा आहे, आणि ती माझ्या म्हणण्याला खरी कसोटी लावते. जाळ्यात पहिला येईल तो मासा सोडायचा, असा नेम त्याने मुनींकडून घेतला. खूण म्हणून त्या माशाला चिंधी बांधली. पाच वेळा तोच मासा सापडला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. पुढच्या जन्मी तो पाच वेळा मरणातून वाचला. मग सोडण्याला पुण्य आहेच की! आहे. पण मृगसेनाने घरची चूल डावलून, रिकाम्या हाताने परतून तो सोडला. हौशी माणूस सोडतो तेव्हा त्याला हवं ते मिळून गेलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : मग गोदाकाठच्या भोयाचं काय? शास्त्र त्याला सूट देत नाही, आणि मी शास्त्र वाकवून ती मागणार नाही. तरीही पोटासाठी टाकलेलं जाळं आणि रंजनासाठी बांधलेली माशी एका तागडीत घालायला मी तयार नाही. भोयाला मासा मिळण्याचा दुसरा मार्ग सापडला तर तो जाळं आनंदाने खाली ठेवेल. हौशी माणसाला मात्र मासा नको, पकडणंच हवं असतं. टेंकारासुद्धा मुळात डोंगरी गावांतल्या पोटार्थी मासेमारांचीच रीत होती, हे तिला नुसती हौस करून टाकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

माशी बांधण्यातच सुख आहे, मासा दुय्यम आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक परीक्षा सोपी आहे. गळाचं टोक कापून टाकावं. वेढे तेच, पीस तेच, पाण्यात मिटणं-उघडणं तेच. काही हौशी लोक असं करतातही, आणि मासा वर येऊन माशी तोंडात धरतो एवढ्यावर समाधान मानतात. हिंसेचा मोठा भाग तिथे गळून पडतो. असत्य मात्र उरतं. मासा अजून फसतोच आहे, आणि त्याच्या फसण्यात कुणाला तरी अजून आनंद होतो आहे.