शाळेचे ऋण धर्माने फेडावे काय?



जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मुलगी मिशनच्या शाळेत जाते. शिकवणे चांगले, शिस्त चांगली. पण शाळा भरताना येशूची प्रार्थना होते, बायबलातील गोष्टी सांगितल्या जातात, आणि सायंकाळी घरी तीच मुलगी त्रिशरण-पंचशील म्हणते. एक शेजारी म्हणतो, "ज्यांनी तुम्हाला अक्षरे दिली त्यांचा धर्म का घेतला नाही? हा कृतघ्नपणा झाला." दुसरा, आपल्यातलाच, म्हणतो, "मुलीला आधी त्या शाळेतून काढा, नाहीतर धम्म बुडाला." तुम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर देण्यापूर्वी हिशेब खरा मांडला पाहिजे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे ठाणे झाले. सावित्रीमाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण तेथेच मिस फॅरार यांच्याकडे घेतले. महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सरकारी शाळेची स्थिती काय होती? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. त्या एका मुलासाठी इतर जातींची मुले शाळा सोडून जातील, ही सरकारला भीती. आपल्या खानदेशातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडिश व अमेरिकन मिशनऱ्यांनी नंदुरबार-नवापूरकडे भिल्ल-मावची पाड्यांत शाळा आणि दवाखाने चालविले. गावाची शाळा ज्यांना ओसरीबाहेर बसवीत होती, त्यांना आत घेणारे हे लोक होते. हे ऋण खरे आहे. ते नाकारणे बौद्धाला शोभणार नाही.

पण ऋण कशाने फेडायचे? जोतीरावांचेच उदाहरण घ्या. मिशनच्या शाळेतून त्यांनी विद्या घेतली, मिशनऱ्यांविषयी आदर उघडपणे बोलून दाखविला, पण बाप्तिस्मा घेतला नाही. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. मिळालेली विद्या खाली बसलेल्यांपर्यंत नेली, हीच त्यांची फेड होती. आणखी एक गोष्ट बाबासाहेबांनीच दाखवून दिली आहे. मिशनच्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा मोठा लाभ उच्चवर्णीयांनी घेतला आणि ते आपल्या धर्मात जसेच्या तसे राहिले. मुंबईचे विल्सन कॉलेज १८३२ सालचे. तेथे बायबल शिकून बाहेर पडलेल्या किती ब्राह्मण-प्रभू विद्यार्थ्यांना कोणी कृतघ्न म्हटले? मग ही परतफेड फक्त आपल्याकडेच का मागावी? गरिबाची श्रद्धा त्याच्या फीच्या पावतीला बांधलेली असते, असे समजणाऱ्यांनी गरिबाला अजून पुरता माणूस मानलेले नाही.

पश्चिम आफ्रिकेकडे पाहा. सॅम्युअल क्राउथर हा योरुबा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला होता. १८२२ साली इंग्रजी जहाजाने त्याची सुटका केली. सिएरा लिओनमध्ये मिशनने त्याला शिकविले, आणि १८६४ साली तो बिशप झाला. त्याने आपल्या भाषेत बायबल आणले. त्याच्या श्रद्धेला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण त्या मुलखात दीर्घकाळ बहुतेक शाळा मिशनच्याच हाती होत्या. शाळेचे दार आणि चर्चचे दार एकच असेल, तर मूल कोणत्या दाराने आत आले हे ते तरी कसे सांगणार? जेथे दुसरा रस्ता नाही तेथे निवड झाली असे म्हणता येत नाही.

आपला रस्ता वेगळा होता. तो शाळेसाठी घेतलेलाच नव्हता. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. परदेशच्या मोठ्या पदव्या आणि बॅरिस्टरी त्यांच्यापाशी होती. तरी चाळीसगाव स्टेशनावर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. शेवटी आपल्यातल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला, तो पुलावर धडकला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. विद्येने टांगेवाल्याच्या मनातली जात गेली नाही. १९३५ सालची येवल्याची घोषणा आणि १९५६ सालची नागपूरची दीक्षा या अनुभवांतून आली. सोलापूरला १ जानेवारी १९३८ रोजी ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचेही मोठेपण मान्य केले, आणि दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते हेही तोंडावर सांगितले. आदर आणि परीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच सभेत केल्या.

भगवान बुद्धांचीही हीच रीत होती. नालंदेचा उपाली गृहपती निगंठांचा उपासक होता. तो वाद घालायला आला आणि शरण जाऊ लागला. तेव्हा भगवंतांनी त्याला आधी नीट विचार करण्यास सांगितले. पुढे असेही सांगितले की, तुझ्या घरी निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. धर्म बदलला म्हणून जुना उपकार तोडावा लागत नाही, आणि जुना उपकार आहे म्हणून धर्म बदलायचा थांबत नाही.

म्हणून मुलीला शाळेतून काढू नका. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २८ ध्यानात ठेवा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना कोणावर लादता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. शाळेत जा, मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगा. प्रार्थनेच्या वेळी मुलीने शांत उभे राहावे, टवाळी करू नये. बायबलची गोष्ट घरी आली तर ती ऐका. मग तिला विचारा, "तुला यातले काय पटले? का पटले?"

आता हेच माप आपल्याला लावू. आपल्या विहारातल्या रविवारच्या वर्गात मूल प्रश्न विचारू शकते काय? की वंदना पाठ झाली म्हणजे धम्म कळला, असे आपण धरून चालतो? मातंग किंवा भिल्ल वस्तीत वह्या वाटताना मनात दीक्षेची यादी असते काय? असेल, तर मिशनऱ्याला दोष देण्याचा आपला अधिकार संपला. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला कोणत्या आचार्याचे नाव दिले नाही. नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव दिले. वह्या द्या, पण त्याबदली काही मागू नका. आणि तुमच्या मुलीने उद्या धम्मावरच अवघड प्रश्न केला तर तिला गप्प करू नका, तिच्याबरोबर उत्तर शोधायला बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!