कित्ता, नक्कल आणि भिंत

मराठीत 'कित्ता' आणि 'नक्कल' हे शब्द एकाच क्रियेच्या आसपास वावरतात. परंतु त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. थोरांचा कित्ता गिरवावा, असे म्हणताना आपल्या मनात आदर असतो. नक्कल मात्र एक तर बहुरूप्याची असते, नाही तर तलाठ्याच्या दप्तरातील. पहिलीत उपहास आहे, दुसरीत निर्जीव प्रामाण्य. 'कॉपी' या तिसऱ्या शब्दाने तर परीक्षागृहात शिरून उघडच अपराधाचा अर्थ धारण केला आहे, आणि आमच्या मराठवाड्यात त्याच्या निर्मूलनाची अभियाने दर वर्षी निघतात. एकाच कृतीला भाषेने तीन नैतिक दर्जे द्यावेत, याचा अर्थ त्या कृतीविषयी भाषिक समाजाचे मन एक नाही. नवशिक्याने दुसऱ्याच्या कलाकृतीची प्रतिकृती करणे हे शिक्षण केव्हा ठरते, आणि त्या शिक्षणाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न म्हणूनच केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही.

तैलरंगाच्या वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याकडे पाहिले की हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. आधी पातळ, मग जाड. टर्पेंटाइनने सैल केलेल्या थरावर तेलाचे प्रमाण वाढवत जायचे, उलट केले तर वरचा थर तडकतो, हे त्याला सांगितलेले असते. सांगितलेले आणि हाताला कळलेले यांत मात्र अनेक खराब झालेले कॅनव्हास असतात. या माध्यमाची एक उदारता अशी की ते सावकाश वाळते. काल चुकलेला गाल आज पॅलेट नाइफने खरवडता येतो, त्यावर दुसरा रंगवता येतो. जलरंग अशी संधी देत नाही. इटालियन चित्रपरिभाषेत बदललेल्या रेषेच्या खाली उरलेल्या खुणेला 'पेंटिमेंटो', म्हणजे पश्चात्ताप, म्हणतात. वरचा थर काळाच्या ओघात पारदर्शक होत गेला की जुनी रेषा पुन्हा दिसू लागते. तैलरंगात चूक झाकता येते. पण कायमची झाकली जातेच असे नाही. शिकाऊ मनुष्याला याहून न्याय्य माध्यम मिळणे कठीण. तेथे तो चुकतो तेव्हा नुकसान होते ते त्याच्याच कापडाचे आणि रंगाचे.

परंतु आपल्याच जिल्ह्यात या माध्यमाच्या शिक्षणाचा एक असा अध्याय घडला आहे, की तेथे हा न्याय पुरेसा पडत नाही. 1872 ते 1885 या काळात, मध्ये खंड पडत, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी तैलरंगांत करवून घेतल्या. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नाव मिळवलेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यापूर्वी 1844 साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची याच कामी नेमणूक झाली होती. त्याचे बहुतेक कॅनव्हास 1866 च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. ग्रिफिथ्सच्या गटाचे कॅनव्हास लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेले. 1885 च्या आगीत त्यांतीलही पुष्कळ नष्ट झाले. जे वाचले त्यांच्या आधारे 1896-97 मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नाव एकट्या ग्रिफिथ्सचे.

श्रमाच्या या अपहाराविषयी अलीकडे बरेच बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याहून अवघड वाटतो तो अनुकरणाच्या स्वरूपाचा प्रश्न. आपल्या परंपरेत श्रीशंकुकाने रसप्रतीतीचे स्पष्टीकरण करताना चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला: चित्रातील घोडा पाहताना होणारे ज्ञान ना यथार्थ, ना मिथ्या, ना संशयाचे, ना सादृश्याचे. भट्टतौताने त्यावर घेतलेला आणि अभिनवगुप्ताने आपल्यापर्यंत पोहोचवलेला आक्षेप असा, की ज्या रामाला नटाने पाहिलेच नाही, त्याचे अनुकरण तो कसे करणार? शंकुकाचा घोडा निदान घोड्यावरून काढलेला होता. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर बसलेला मुंबईचा विद्यार्थी चित्रातल्या घोड्याचे चित्र काढत होता. प्लेटोच्या हिशेबात तो सत्यापासून आणखी एक पायरी खाली घसरला. भट्टतौताच्या आक्षेपाला मात्र त्याच्यापाशी अर्धे उत्तर होते: बोधिसत्त्व त्याने पाहिला नव्हता, पण बोधिसत्त्व रंगवणाऱ्या हाताची गती त्याच्या डोळ्यांसमोर होती. अनुकरण करायचे ते त्या गतीचे.

आणि येथेच माध्यम आडवे आले. अजिंठ्याचे चित्र मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर, पाण्यात कालवलेल्या रंगांनी काढलेले. त्याचा प्राण रेषेत आहे. कलाशाळेतील हात छायाप्रकाशातून गोलाई उभी करायला शिकलेला. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल यांच्या ज्या संबंधांतून मूळ कृतीची लय सिद्ध होते, ते संबंधच तैलरंगाच्या घट्ट, चकाकत्या पृष्ठभागावर बदलतात. आकृती तीच राहते, लय दुसरी होते. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस, असितकुमार हालदार, हैदराबादचे सय्यद अहमद यांच्यासह आल्या, तेव्हा त्यांनी तैलरंग टाळले. चेन्निनीच्या चित्रकलाविषयक इटालियन ग्रंथाचा अनुवाद त्यांनी केलेला होता. माध्यमाला स्वतःचे मत असते, हे त्या जाणून होत्या.

मग ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी काय मिळवले? त्यांची प्रत मुळाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून नक्कल या नात्याने ती सदोष. पण कित्ता म्हणून? गिरवणाऱ्याचे अक्षर वळणदार झाले की पाटी पुसली जाते. पुसलेल्या पाटीविषयी कोणी शोक करीत नाही. कॅनव्हास लंडनला जळाले आणि शिकलेला हात मुंबईत राहिला, एवढाच हिशेब असता तर तो जमेचा मानता आला असता.

पण हिशेबात भिंत आहे. काळवंडलेले रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांच्या त्या काळात भिंतींवर वार्निश चढवले गेले. पुढे 1920 ते 1922 मध्ये निजामाच्या राज्याने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी गिलावा सांधला, चित्रे वाचवली, आणि लाखेचा थरही दिला. हे थर पिवळे, मग तपकिरी पडले. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची कित्येक वर्षे गेली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. उलट, नीट पाहता यावे ही इच्छाच त्या थराच्या मुळाशी होती, आणि मला अस्वस्थ करते ते नेमके हेच. चुकण्याचा अधिकार आपण नवशिक्याला सहज बहाल करतो. तो अधिकार स्वतःच्या कॅनव्हासपुरता आहे की समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचतो, हे सांगण्याची जबाबदारी मात्र शिक्षक सहसा घेत नाही. ग्रिफिथ्सचे अजिंठ्यावरील प्रेम निःसंशय होते. प्रेमाने हा प्रश्न सुटत नाही.

साहित्याच्या अध्यापकाने यावरून चित्रकारांना उपदेश करण्याचे कारण नाही. आमच्याही हातांना वार्निशाचा वास आहे. महानुभाव गद्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मीच संरचनावादाची परिभाषा हाती दिली आहे, कारण तिच्यामुळे मजकूर लख्ख दिसू लागतो. दिसतो हे खरे. पण दहा वर्षांनी तीच परिभाषा पिवळी पडते, आणि पुढच्या वाचकाला 'लीळाचरित्र' वाचण्याआधी आमचा थर खरवडावा लागतो. येथे कोणी म्हणेल की मजकूर भिंतीसारखा झिजत नाही, संहिता शाबूत राहते. ते मला पुरते पटत नाही. ज्या पिढीने एखादी संहिता केवळ आमच्या थरातून वाचली, तिच्यापुरती ती झिजलेलीच असते. तरीही थर न देता शिकवावे कसे, हे मला ठाऊक नाही. मोकळ्या डोळ्यांनी वाच, असे सांगणे म्हणजे पहिल्याच दिवशी कोरा कॅनव्हास देऊन 'स्वतःचे काही काढ' म्हणण्यासारखे आहे. त्यातून बहुधा कॅलेंडरवरचे सूर्यास्तच निघतात, म्हणजे अनुकरणच, पण कोणाचे ते न कळता केलेले.

इतिहासाने या हिशेबात आणखी एक नोंद केली आहे. भिंतीवरील काही भाग त्या काळानंतर झडले किंवा ओळखू येईनासे झाले, आणि साउथ केन्सिंग्टनचे वारस असलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात विद्यार्थ्यांचे वाचलेले कॅनव्हास आज त्या भागांचा पुरावा म्हणून तपासले जातात. ज्या प्रतींना आपण सदोष म्हटले, त्याच काही ठिकाणी मुळाच्या जागी उभ्या आहेत. तेथे एखाद्या खांद्याचा बाक पाहणाऱ्या अभ्यासकाला आता ठरवावे लागते, की त्यातील किती वळण वाकाटककालीन कारागिराचे, आणि किती मुंबईहून आलेल्या, तैलरंग अजून पुरते हातात न आलेल्या एखाद्या मुलाचे.