चौथी सीट

डोंबिवलीकराला चौथी सीट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. लोकलच्या बाकावर जागा तिघांची. ‘जरा सरका’ म्हटलं की तिघं सरकतात आणि चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत, ठाण्याला कोणी उठेपर्यंत तग धरतो. शेअर रिक्षातही चौथी सीट असते, ड्रायव्हरच्या शेजारी. तिला कायद्यात जागा नाही, पण संध्याकाळी स्टेशनबाहेर तीच आधी भरते.

परवा सोसायटीच्या सभेत ती आठवली. विषय होता चार्जिंग पॉइंट. आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे आणि रोज रात्री तो खिडकीतून वायर खाली सोडतो. मीटर कोणाचा, शॉर्टसर्किट झालं तर जबाबदारी कोणाची, यावर अर्धा तास गेला. शेवटी तळमजल्यावरचे काका म्हणाले, “अहो, आधी गाड्या लावायला जागा दाखवा, मग प्लगचं बघू.” सगळे हसले. मला मात्र वाटलं, सभेत मुद्द्याचं एवढंच बोललं गेलं.

विजेच्या गाडीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. घोडबंदर रोडवर किंवा शिळफाट्याला तासभर अडकलेल्या रांगेत निदान तिचा धूर शेजारच्या रिक्षावाल्याच्या नाकात जात नाही. ती भरते त्या विजेत चंद्रपूरसारख्या केंद्रांत जळणारा कोळसा बराच असतो हे खरं; पण इंजिनापेक्षा मोटर ऊर्जा कमी वाया घालवते आणि पुढे सौर वीज वाढली की हिशेब आणखी सुधारेल. राज्याने २०२१ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांचं धोरण आणलं, ते योग्यच झालं. फक्त एक गोष्ट बॅटरीने बदलत नाही: शिळफाट्याची ती रांग. पेट्रोलच्या शंभर गाड्या जेवढा रस्ता अडवतात तेवढाच विजेच्या शंभर गाड्या अडवतात.

आणि आमच्याकडे टंचाई जागेचीच आहे. एक मोटार उभी करायला साधारण १२ चौरस मीटर लागतात. रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ नावाचा एक प्रकार आहे: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. म्हणजे एका रिकाम्या मोटारीच्या जागेत दीडशेहून जास्त माणसं. दोन्ही आकडे एकाच शहरातले, कधीकधी एकाच घरातले. नवरा गाडीत एकटा, बायको लेडीज डब्याच्या दारात.

विजेच्या वाहनाला आपण भविष्य म्हणतो तेव्हा इतिहास गालात हसत असावा. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची गाडी धावली, देशातली पहिली. आजच्या नव्या लोकल ब्रेक लावताना तयार होणारी वीज पुन्हा तारेत सोडतात. हरित वाहन आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं. ते घेण्यासाठी कर्ज काढावं लागत नव्हतं, पास काढला की झालं.

मग लोक गाडी का घेतात? हौस असते, प्रतिष्ठाही असते. पण ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले, त्या दिवशी कितीतरी घरांत गाडीचा विषय निघाला असेल. त्याला चैन कसं म्हणावं? भिवंडीमार्गे ठाणे-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, कल्याणकर अजून वाट पाहतोय. मोठागाव-माणकोली पूल मात्र खुला झाला आणि गाडीवाल्याचा ठाण्याचा वळसा वाचला. गाडीवाल्याची सोय आधी झाली की माणूस सोयीकडे वळतो, त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून इथल्या मोटारींचं भविष्य शोरूमपेक्षा दिवा स्टेशनच्या फलाटावर जास्त ठरेल, असं मला वाटतं. लोकलच्या फेऱ्या किती वाढतात, परिवहनची बस वेळेवर येते का, स्टेशनपर्यंत धड फुटपाथ आहे का, यावर. चौथ्या सीटमध्ये एक मोठं शहाणपण आहे, आहे त्यात सामावून घेण्याचं. पण शहाणपणाच्या जोरावर माणसांना किती काळ अर्ध्या बाकावर बसवायचं?

सभा संपल्यावर स्कूटरवाला तरुण जिन्यात भेटला. तो स्कूटर फक्त स्टेशनच्या स्टँडपर्यंत नेतो, पुढे घाटकोपरपर्यंत लोकल. मी म्हटलं, “छान करतोस. सगळ्यांनी असंच करायला हवं.”

तो म्हणाला, “काका, दिवाळीत कार बुक करतोय. इलेक्ट्रिकच. लग्न ठरलंय, तिलाही आता चौथ्या सीटवर बसवू का?”

पर्यावरणावर बोलायला माझ्याकडे बरंच होतं. त्या प्रश्नावर काही नव्हतं.