वाहत्या नदीकाठचा वुजू आणि गाडीची टाकी

एकट्या माणसाने पेट्रोल जपून वापरले, तर जगाचे काय भले होणार? जुम्याच्या नमाजनंतर एखादा तरुण हा प्रश्न विचारतो, तेव्हा तो चेष्टा करीत आहे असे समजून त्याला गप्प करू नये. प्रश्न गंभीर आहे आणि केवळ हिशेब मांडला, तर उत्तर त्याच्याच बाजूचे आहे. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. (लिटरभर पेट्रोलचे स्वतःचे वजन पाऊण किलोच्या आसपास, उरलेला भार जळताना हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचा.) रोज ३० किलोमीटर याप्रमाणे वर्षातून ३०० दिवस मोटारसायकल चालवणाऱ्याला ५० चा ॲव्हरेज मिळत असेल, तर त्याला १८० लिटर पेट्रोल लागते. टायरमध्ये हवा नीट ठेवली, सिग्नलपाशी इंजिन बंद केले, वेग आवरला आणि समजा दहावा हिस्सा वाचवला, तर १८ लिटर वाचले. म्हणजे जेमतेम ४१ किलो वायू कमी झाला. जगभर कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून वर्षाला ३५०० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यापुढे हे ४१ किलो कुठे दिसणार?

परंतु इस्राफचा विचार इस्लामने असा बेरजेने केलेलाच नाही. हजरत सअद (रजि.) वुजू करताना पाणी अधिक वापरीत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना टोकले, तेव्हा त्यांनी नवलाने विचारले, की वुजूमध्येही उधळपट्टी असते काय? उत्तराचा आशय असा, की होय, तुम्ही वाहत्या नदीच्या काठी असलात तरीही. या रिवायतीच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. पण वुजूमध्ये पाण्याचा अतिरेक नापसंत आहे, याविषयी फुकहांमध्ये दुमत नाही. प्रेषित (स.) स्वतः एक मुद्द पाण्यात, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या एका भरल्या ओंजळीएवढ्या पाण्यात, वुजू करीत, हे तर सहीह हदीसमध्येच आले आहे.

नदीचे उदाहरण मुद्दाम लक्षात घ्यावे. तेथे टंचाई नाही. वापरलेले पाणी बहुधा पुन्हा नदीतच जाते. म्हणजे नदीचे काहीही घटले नाही, तरी इस्राफ हा इस्राफच ठरला. गरज किती आणि वापर किती, यांतील अंतरालाच ते नाव आहे. वस्तू उरली की संपली, हा त्या पुढचा प्रश्न. त्या तरुणाचा हिशेब बरोबर असूनही त्यातून निघणारी सूट बरोबर नाही, ती यामुळे.

याच ठिकाणी ॲव्हरेज आणि कनाअत यांतील फरक स्पष्ट करावासा वाटतो, कारण गाडीच्या जाहिराती तो पुसून टाकतात. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली, तसतसा इंग्लंडमध्ये कोळसा अधिकच जळू लागला. शक्ती स्वस्त झाली म्हणून तिचा वापर वाढला. आपल्या घरीही हेच घडते. नवी गाडी लिटरला अधिक किलोमीटर धावते, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायलाही तीच बाहेर निघते. ॲव्हरेज हा यंत्राचा गुण आहे. कनाअत माणसात असावी लागते. ती शोरूममध्ये मिळत नाही.

आता उदाहरण घालून देण्याचा मुद्दा. हिजरी १८ मध्ये हिजाजमध्ये भीषण दुष्काळ पडला. वाऱ्याबरोबर राखेसारखी धूळ उडे, म्हणून त्या वर्षाला ‘आमुर्-रमादा’, राखेचे वर्ष, असे नाव पडले. हजरत उमर (रजि.) यांनी निश्चय केला, की लोकांचे जीवन पूर्वपदावर येईपर्यंत तूप, दूध आणि मांस यांना स्पर्श करायचा नाही. ते तेलावर राहिले आणि त्यांच्या चेहऱ्याचा वर्ण पालटला. एका माणसाच्या ताटातील तुपाने मदिनेची भूक भागणार नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी शाम आणि मिसरच्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली आणि धान्याचे काफिले आणवले. व्यवस्था निराळी, ताट निराळे. त्यांनी एकाला दुसऱ्याचा पर्याय मानले नाही. आज मात्र काही जण ‘सरकारने करावे’ म्हणून स्वतः सुटतात, तर काही जण सायकल घेऊन सरकारला सोडून देतात.

त्या त्यागाचे कारणही त्यांनी सांगितल्याचे इतिहासकार लिहितात. लोकांना जे सोसावे लागते ते मला सोसावे लागले नाही, तर त्यांच्या हालाची जाणीव मला कशी होणार, असा त्याचा भावार्थ. मला हे फार मोलाचे वाटते. आपण आदर्श घालणे म्हणजे दुसऱ्याला शिकवणे समजतो. येथे तर खलीफा स्वतः शिकत आहेत. महिनाभर मोटार घरी ठेवून एसटीने प्रवास करणाऱ्याला कळते, की थांब्यावर सावली नाही, शेवटची गाडी इशाच्या आधीच निघून जाते आणि बायाबापड्यांना चालायला धड पदपथ नाही. असा माणूस नगरपालिकेत निवेदन घेऊन गेला, तर त्याच्या शब्दाला वजन असते.

मग रियाचे काय? लोकांनी पाहावे म्हणून केलेली नेकी वाया जाते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सूरह अल्-बकरामध्ये उघडपणे दिलेला सदका चांगला म्हटला आहे आणि गुपचूप दिलेला अधिक चांगला. उघडपणाला बंदी नाही. मुदर कबिल्याचे उघडेवाघडे, भुकेले लोक मदिनेत आले, तेव्हा एका अन्सारी सहाबींनी हाताला पेलवेना इतकी जड थैली सर्वांदेखत आणून ठेवली. ते पाहून लोकांची रांग लागली, धान्याचे आणि कपड्यांचे दोन ढीग झाले. प्रेषितांचा (स.) चेहरा उजळला आणि चांगली रीत सुरू करणाऱ्याला तिच्यावर चालणाऱ्यांच्या पुण्याचाही वाटा मिळतो, ही शुभवार्ता त्याच प्रसंगी दिली गेली. हदीसमध्ये त्यांचा उल्लेख केवळ ‘एक अन्सारी’ असा आहे. रियाची कसोटी रस्त्यावरच लागते: मध्यरात्री रिकाम्या महामार्गावर, कोणी पाहत नसताना, वेगाचा काटा किती दाखवतो?

दुसरी खूण तुच्छतेची. विजेवरची महागडी मोटार घेऊन रिक्षावाल्याच्या धुराला नाक मुरडणाऱ्याने जपावे. रिक्षावाला प्रत्येक लिटरचा हिशेब ठेवतो; त्याला काटकसर शिकवायला आपण कोण? शिवाय आकडेही मोठ्या गाड्यांकडेच बोट दाखवतात. १० चा ॲव्हरेज देणारी मोटार १२.५ वर आली, तर हजार किलोमीटरमागे २० लिटर वाचतात. ४० ची स्कूटर ५० वर आली, तर वाचतात ५. सुधारणा तेवढीच, पाव हिश्शाची, बचत चौपट. तेव्हा पहिले पाऊल कोणी टाकायचे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या निकाहांकडे पाहा. साठ किलोमीटरवरच्या गावी वीस मोटारींची वरात निघते. १५ चा ॲव्हरेज धरला, तर जाऊन-येऊन १६० लिटर इंधन जळते. शिवाय मस्जिदीबाहेर एसी चालू ठेवून उभ्या गाड्यांचे वेगळेच. तीच माणसे दोन बसमध्ये बसतात आणि बसचा ॲव्हरेज ४ धरला, तरी ६० लिटर पुरतात. हे सांगून मात्र होत नाही. हुदैबियाच्या करारानंतर शोकाकुल सहाबी कुर्बानीची आज्ञा ऐकूनही उठेनात, तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) सुचवले, की कोणाशी काही न बोलता आपण स्वतःची कुर्बानी करावी. त्यांनी तसे केले आणि पाहता पाहता सारे उठले. तेव्हा निकाहाच्या पत्रिकेत ‘बसची सोय केली आहे’ असे छापून वरपित्याने स्वतः मोटारीने निघू नये. त्याने पहिल्या बसमध्ये बसावे, नवरदेवाला शेजारी बसवावे आणि वाटेत जोहरची वेळ झाली, तर सर्वांसोबत उतरून ओंजळभर पाण्यात वुजू करावा.