खोली घेतली, खेळलो नाही

ऑगस्ट २०२४मध्ये वांद्रे-मडगाव गाडी बोरीवलीमार्गे सुरू झाली आणि आम्हा उपनगरवाल्यांचे गोव्याचे बेत सोपे झाले. त्यासोबत एक प्रश्नही आला. कॅसिनो असलेल्या पंचतारांकित हॉटेलात उतरणे जायज आहे का?

'आम्ही खेळत नाही, नुसते राहतो,' हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. गोव्यात १९९२च्या दुरुस्तीने जुगाराच्या यंत्रांना छप्पर दिले ते पंचतारांकित हॉटेलांचेच. जहाजांची परवानगी नंतर, १९९६मध्ये आली. अशा हॉटेलात खोली सवलतीत किंवा जेवण फुकट मिळाले, तर ते पैसे बहुधा टेबलावर हरलेल्या कुणाचे असतात. सूरह बकरामध्ये (२:२१९) जुगारात लोकांचा काही फायदा आहे हे नाकारलेले नाही. गुनाह त्याहून मोठा म्हटला आहे. तो फायदा फक्त जिंकणाऱ्याचा, असे आपण समजतो. सवलतीत झोपणारा पाहुणा त्यातून कसा सुटेल?

कुणी म्हणेल, व्याजाच्या बँकेत पगार जमा होतोच की! होतो. पण बँकेवाचून या शहरात पगार मिळणे कठीण; कॅसिनोवाचून सुट्टी सहज होते.

महाराष्ट्राने १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही, २०२३मध्ये तो रद्द केला. गोव्याने २०२०पासून गोवेकरांना कॅसिनोत मज्जाव केला. पाहुण्यांना मात्र दार उघडे. आपल्या पोराचा खिसा जपायचा, शेजाऱ्याचा रिकामा करायचा, हा कोणता न्याय?

तिथे वेटर असलेल्या आपल्या मुलांना मात्र आम्ही या तराजूत तोलणार नाही. त्यांचा सवाल रोजीचा आहे.