नगरनियोजन : उपजीविका की अमानत?

वर्तकनगरसारख्या वसाहतीत वाढलेला एखादा विद्यार्थी जेव्हा म्हणतो, "मला नगरनियोजन व पर्यावरण धोरण शिकायचे आहे," तेव्हा घरातला पहिला प्रश्न नोकरीचा असतो. तो गैर नाही. हलाल कमाई हेही कर्तव्यच आहे. परंतु वाचकहो, श्रद्धावंताने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : या ज्ञानाचा अल्लाहपाशी हिशेब काय?

वर्तकनगरकडेच पाहा. एका बाजूस म्हाडाच्या जुन्या इमारती, जेथील कुटुंबांना सुरक्षित घर हवे आहे. दुसऱ्या बाजूस उपवन तलाव आणि येऊरचे जंगल. दोन्ही हक्क खरे आहेत. कोणास किती द्यावे, हा केवळ मोजमापाचा नव्हे, तर न्यायाचा प्रश्न आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेजवळ नकी येथे कुरण राखून ठेवले होते. अशा राखीव भूमीला 'हिमा' म्हणत. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमाच्या रखवालदारास ताकीद दिली, की थोडी जनावरे असलेल्या गरिबाला आत येऊ द्यावे, धनिकांच्या कळपांना मात्र सवलत देऊ नये. धनिकाचे पशू मेले तरी त्याला बागा व शेती आहे; गरीब मात्र मुलाबाळांसह खलीफाच्या दारी येईल, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रसंग सहीह बुखारीत आला आहे.

यातून नियोजनाची कसोटी मिळते. झाडे वाचवण्याच्या नावाखाली दुबळ्याला हुसकावणारा आराखडा न्याय्य नाही, आणि गरिबांच्या घरांचे निमित्त करून तलाव बुजवणाराही नाही.

इमाम गज्जाली (रह.) यांनी वैद्यक व गणित यांना फर्जे किफायात गणले, कारण त्यांवाचून समाजाचे व्यवहार अडतात. आज पाणी, कचरा, निवारा यांचे नियोजन जाणणारे कोणीच नसेल, तर अडचण याहून कमी आहे काय?

या ज्ञानाचे दरवाजे खुले आहेत : पुण्याचे सीओईपी, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर. मात्र आरंभासाठी प्रवेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याच्या प्रारूपावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. प्रारूप वाचणे, शेजाऱ्यांना समजावणे, मुदतीत लेखी सूचना देणे, हा या विद्येचा पहिला धडा होय.

माता-पित्यांनो, मुलाला पगार अवश्य विचारा. पण सही करताना तो कोणाचा हक्क राखील, हेही विचारा. जे अजून जन्मले नाहीत, त्यांची हरकत नोंदवण्यास कोणी येणार नाही. त्यांची अमानत आपल्याच हाती आहे, आणि अमानतीचा जाब द्यावाच लागेल.